विदर्भाचे प्रश्न हेच विद्यापीठाचे संशोधन व्हावे : नागपूर विद्यापीठाच्या अधिसभेस खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, व्यवस्थापन परिषदेचे आणि अधिसभेचे सन्माननीय सदस्य,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेले आपले विद्यापीठ आता दुसऱ्या शतकात आहे. शताब्दीच्या निमित्ताने जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८वे अधिवेशन आपल्या अमरावती मार्गावरील परिसरात भरले, देशभरातून शास्त्रज्ञ आले आणि विद्यापीठाने शंभर वर्षांत काय कमावले याची रीतसर नोंद झाली. या पत्रात मला त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न मांडायचा आहे. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाल्यानंतर नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे आपल्या कार्यक्षेत्रात उरले. या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या, कारागिराच्या आणि लघुउद्योजकाच्या मिळकतीत विद्यापीठाच्या संशोधनामुळे काय फरक पडतो, आणि पडत नसेल तर तो पडावा यासाठी अधिसभा काय करू शकते? मी या विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आहे आणि काटोल मार्गावर फळप्रक्रियेचा लहानसा कारखाना चालवतो. ज्या संस्थेने मला रसायनशास्त्र शिकवले, तिच्याकडूनच मला आज सर्वांत जास्त अपेक्षा आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

रविनगर चौकातून वाडीच्या दिशेने निघाले की काही किलोमीटरच्या आत लक्ष्मीनारायण संस्था, आपला विद्यापीठ परिसर, राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, पुढे वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आणि कापसातून सरकी वेगळी करण्याचे (जिनिंगचे) प्रशिक्षण देणारे केंद्र लागते. दक्षिण अंबाझरी मार्गावर १९६० साली सुरू झालेले आणि आज व्हीएनआयटी म्हणून ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शहरातच १९५८ पासूनची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, वर्धा मार्गावर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, सिव्हिल लाइन्समध्ये भारतीय खाण ब्यूरो आहे. राज्याच्या राजधानीबाहेर इतक्या राष्ट्रीय संशोधन संस्था एकमेकींच्या शेजारी असलेली शहरे देशात फार थोडी असतील. तरीही या भागातून संत्री पेटीतून जातात, कापूस गाठीतून जातो, मँगनीज आणि कोळसा वॅगनमधून जातो आणि शिकलेली मुले पुणे, हैदराबाद, बंगळूरुच्या गाड्यांनी जातात. मालावर जी किंमत चढते ती बहुतांश दुसऱ्या गावात चढते.

विद्यापीठामुळे शहरात पैसा येतो तो दोन वाटांनी. पहिली वाट आपल्या डोळ्यांसमोर आहे. बाहेरगावचे विद्यार्थी येतात, खोल्या भाड्याने जातात, धरमपेठ-रामनगरातल्या खानावळी, अभ्यासिका आणि झेरॉक्सची दुकाने चालतात, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांचे पगार बाजारात फिरतात. ही मिळकत खरी आहे, पण ती विद्यार्थीसंख्येच्या पटीतच वाढते आणि कोचिंग क्लासेसनेही तितकीच होऊ शकते. दुसरी वाट संशोधनाची आहे. तिच्यात एखाद्या मालातला अडलेला प्रश्न सुटतो, त्यातून नवा धंदा उभा राहतो, तो धंदा शिकलेल्या माणसाला गावात थांबवतो आणि तो माणूस पुढचा प्रश्न घेऊन पुन्हा विद्यापीठात येतो. ही वाट मंद असते, पण एकदा रुळली की तिच्यावर प्रदेशाचे उत्पन्न वर्षानुवर्षे चढते राहते. आपल्याकडे पहिली वाट भरून वाहते आणि दुसरी जवळजवळ बंद आहे, असे माझे मत आहे.

माझ्या रोजच्या कामातला एक प्रश्न सविस्तर सांगतो, कारण त्यावरून बाकीच्यांची कल्पना येईल. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. फोड तोंडात टाकली की तिची आंबट-गोड चव कोणालाही आवडते. पण त्याच संत्र्याचा रस काढला, उकळीच्या आत तापवून बाटलीत भरला, की काही तासांतच त्याला कडवटपणा येतो आणि तो घोट गिळल्यावरही घशाशी रेंगाळत राहतो. यामागचे रसायन माहीत असलेले आहे. फोडीच्या पापुद्र्यात आणि बियांत एक पदार्थ असतो, जो फळात असेपर्यंत कडू नसतो. रस काढताना तो आम्लाच्या संपर्कात येतो आणि हळूहळू त्याचे लिमोनिन नावाचे कडू द्रव्य होते. उष्णतेने ही क्रिया वेगाने घडते. दहा लाख भागांत सहा भागांच्या आसपास लिमोनिन झाले तरी जिभेला ते कळते. आपल्या संत्र्याची साल सैल असते आणि त्यात बिया पुष्कळ असतात, त्यामुळे घट्ट सालीच्या मोसंबीवर्गीय फळांसाठी बनवलेली यंत्रे वापरली की बिया आणि पापुद्रे चिरडले जातात आणि कडवटपणा आणखी वाढतो. बाजारात संत्र्याच्या नावाने जे बाटलीबंद पेय मिळते, त्यात नागपुरी संत्र्याचा वाटा इतका कमी का, याचे एक मोठे कारण हे आहे. अंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या हंगामाची) फळगळ होते किंवा मृग बहाराची (पावसाळ्यात फुलणाऱ्या हंगामाची) फळे लहान राहतात, त्या वर्षी कळमन्याच्या बाजारात ती मातीमोल भावाने जातात. त्या फळांना रसाचा कारखाना हाच आधार असायला हवा, आणि तो या एका रेणूपाशी अडतो.

कॅलिफोर्नियातल्या नेव्हल जातीच्या संत्र्यातही हाच दोष आहे. तिथे १९०७ साली रिव्हरसाइडला लिंबूवर्गीय फळांचे प्रयोग केंद्र सुरू झाले. बागाईतदारांचे प्रश्न सोडवणे हेच त्याचे काम होते. त्याच केंद्राच्या आवारात १९५४ साली विद्यापीठाचे महाविद्यालय उघडले आणि आज ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रिव्हरसाइड हे पूर्ण विद्यापीठ आहे. लिंबूवर्गीय फळांच्या हजारांहून अधिक जातींची झाडे त्यांनी जतन केली आहेत. त्यांनीच किरणोत्साराच्या साहाय्याने जवळजवळ बिनबियांची टँगो नावाची जात तयार करून २००६ साली दिली. ती लावणाऱ्या बागांकडून येणारे स्वामित्वशुल्क पुन्हा संशोधनाला मिळते. रसातला कडवटपणा विशिष्ट राळेच्या स्तंभातून गाळून काढण्याची पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेतील कारखान्यांनी व्यवहारात आणली. वरुड-मोर्शीला आपण विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतो. खऱ्या कॅलिफोर्नियात बागांइतकेच महत्त्व प्रयोग केंद्राला होते आणि त्या केंद्राभोवती विद्यापीठ वाढले, ही गोष्ट आपण फारशी लक्षात घेतलेली नाही.

आपल्याकडे काय होते ते सांगतो. मला हंगामात वेगवेगळ्या बागांच्या रसातले लिमोनिन मोजून हवे होते, म्हणजे कोणत्या बागेचे, किती पिकलेले फळ रसाला घ्यायचे हे ठरवता आले असते. त्यासाठी लागणारे एचपीएलसी, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र शहरात अनेक ठिकाणी आहे. एका ठिकाणी यंत्र होते, पण ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे कंत्राट संपलेले होते. दुसऱ्या ठिकाणी बाहेरच्या नमुन्यासाठी दरच ठरवलेला नव्हता, त्यामुळे पावती कोणत्या लेखाशीर्षाखाली फाडायची हे कोणाला सांगता येईना. तिसऱ्या ठिकाणच्या प्राध्यापकांनी मनापासून रस घेतला, पण ते तासिका तत्त्वावर होते आणि त्यांना प्रयोगशाळा वापरायला विभागप्रमुखांची परवानगी लागत होती. शेवटी नमुने बर्फात बांधून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पुण्याला पाठवले. या माणसांपैकी कोणाबद्दलही माझी तक्रार नाही. प्रत्येकाची मदत करण्याची इच्छा होती, पण मदत करणे हे कोणाच्याही कामाचा भाग नव्हते.

मोजणी हा या प्रश्नाचा सर्वांत सोपा भाग आहे. खरे संशोधन त्यापुढे सुरू होते. आपल्या मातीतल्या, जंबेरीच्या आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर (ज्या रोपावर कलम बांधतात त्यावर) वाढलेल्या झाडांत लिमोनिन किती तयार होते, बहारानुसार ते कसे बदलते, सैल सालीच्या फळासाठी रस काढण्याचे यंत्र कसे असावे, राळेचा स्तंभ लहान कारखान्याला परवडेल अशा आकारात कसा बांधता येईल, उरलेल्या सालीतून तेल आणि पेक्टिन कसे काढावे, अशी पीएच.डी.च्या प्रबंधांची ओळच्या ओळ यात आहे. वनस्पतिशास्त्र, जैवरसायन, रसायन अभियांत्रिकी, यंत्र अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र या सर्व विभागांना पुरेल इतके काम आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या संस्था एकाच रस्त्यावर आहेत.

लक्ष्मीनारायण संस्थेचा इतिहास येथे आठवणे आवश्यक आहे, कारण विद्या आणि प्रदेशाची संपत्ती यांची सांगड नागपुरात फार पूर्वी घातली गेली होती. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगनीजच्या खाणींतून पैसा मिळवला आणि तो उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला मृत्युपत्राने दिला. ती रक्कम पस्तीस लाखांच्या घरात होती. त्या देणगीतून १९४२ साली संस्था सुरू झाली आणि तेल, कागद, रंग, अन्न आणि पेट्रोरसायन या शाखांतले तंत्रज्ञ तिने देशाला दिले. मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाची सुरुवात १९३३ची, म्हणजे आपल्या संस्थेच्या अवघी नऊ वर्षे आधीची. त्या विभागाचे प्राध्यापक कारखान्यांना नियमित सल्ला देत राहिले. प्रा. एम. एम. शर्मा यांच्यासारख्यांनी उच्च प्रतीचे मूलभूत संशोधन आणि उद्योगाचे प्रश्न एकत्र हाताळले. मुंबई-ठाणे-वापी पट्ट्यातल्या रसायन उद्योगात त्या विभागाचे विद्यार्थी मालक म्हणूनही दिसतात. आपल्या संस्थेचे विद्यार्थी गुणवत्तेत कमी नव्हते. त्यांच्यातले बहुसंख्य मात्र त्याच पट्ट्यात नोकरीला गेले, कारण इथे त्यांच्या हाताला काम देणारे धंदे उभे राहिले नाहीत.

२०२३ साली ही संस्था आपल्यापासून वेगळी होऊन लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ झाली. ते योग्य की अयोग्य हा वाद आता मागे पडला आहे. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एक प्रशासन वेगळे झाले की आपल्याकडे प्रयोगशाळांमध्येही भिंत उभी राहते, आणि विज्ञान विभागातल्या संशोधकाला रस्त्यापलीकडचे यंत्र वापरण्यासाठी सामंजस्य करार होण्याची वाट बघावी लागते. तसे होऊ नये. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या मँगनीजला आज नवा भाव येण्याची वेळ आहे, कारण लिथियम बॅटरीच्या काही प्रकारांत उच्च शुद्धतेचे मँगनीज सल्फेट लागते. मँगनीज काढणाऱ्या मॉईल या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे, खाण ब्यूरो नागपुरात आहे, रसायन तंत्रज्ञान नागपुरात आहे. ज्या धातुकाच्या पैशातून आपली संस्था उभी राहिली त्या धातुकाचे शुद्धीकरण नागपूरने शिकून घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

कापसाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर सभागृहांत पुष्कळ बोलले जाते. बोंडअळीवरचे काम कापूस संस्थेचे आहे आणि ते त्यांनी करावे. पण वेचणी झाल्यावर शेतात उभी राहणारी पऱ्हाटी आजही बहुतेक ठिकाणी पेटवून दिली जाते. तिच्यापासून पार्टिकल बोर्ड आणि इंधनाच्या कांड्या होतात हे संशोधनाने सिद्ध झालेले आहे. अडते ते गोळा करण्याच्या आणि वाहून नेण्याच्या खर्चापाशी. हा प्रश्न वाणिज्य, अर्थशास्त्र आणि भूगोल विभागांचा आहे. प्रादेशिक संशोधन म्हणजे फक्त विज्ञान शाखेचे काम, हा समज आधी आपल्या मनातून जायला हवा. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेबद्दल, पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांबद्दल आणि भंडाऱ्याच्या कोसा रेशमाबद्दलही असेच लिहिता येईल.

या विषयावर बोलताना तंत्रज्ञान पार्कचे नाव लगेच निघते. जमीन, प्रवेशद्वार आणि काचेची इमारत यांनी प्रदेश उभा राहत नाही, हे आग्रहाने सांगितले पाहिजे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना हे राज्य १९५०च्या दशकात तंबाखू, कापड आणि फर्निचर यांवर जगत होते, तिथले उत्पन्न कमी होते आणि पदवीधर राज्य सोडून जात होते. ही अवस्था आपल्याला परिचित आहे. तिथे १९५९ साली तीन विद्यापीठांच्या मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क जाहीर झाला. पहिली काही वर्षे तो बराचसा मोकळा होता आणि १९६५ साली आयबीएम येण्याचे ठरल्यानंतर तो भरू लागला. ती विद्यापीठे आधीपासून मजबूत होती आणि राज्याने वाट पाहण्याची तयारी ठेवली, म्हणून त्या जमिनीला अर्थ आला. आपल्याकडे जमिनीची अडचण नाही. मिहानमध्ये जमीन आहे, बुटीबोरी आणि हिंगण्यात औद्योगिक वसाहती आहेत. कमतरता आहे ती विभागांत बसून काम करणाऱ्या कायम नेमणुकीच्या माणसांची.

यावर आपल्यापैकी अनेकजण दोन उत्तरे देतील आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिले उत्तर असे की, शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा आणि निकाल यांतच विद्यापीठाची शक्ती संपते, शिवाय शिक्षकांची मंजूर पदे मोठ्या प्रमाणावर रिक्त आहेत. हे मी मान्य करतो. पद भरण्याचा अधिकार बराचसा शासनाकडे आहे, हेही मान्य करतो. भारताचा संशोधनावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे आणि त्यातही उच्च शिक्षण संस्थांच्या वाट्याला दहा टक्क्यांच्या आतली रक्कम येते, म्हणजे ही कोंडी एकट्या नागपूरची नाही. परंतु अधिसभेने ही मागणी फक्त कर्मचारी प्रश्न म्हणून मांडली तर ती वित्त विभागात पडून राहते. तीच मागणी विदर्भाच्या उत्पन्नाचा प्रश्न म्हणून, इथल्या आमदार-खासदारांना, संत्रा उत्पादकांना आणि उद्योजक संघटनांना सोबत घेऊन मांडली, तर तिला वजन येईल. रसायनशास्त्रातले एक रिकामे पद म्हणजे काटोल-नरखेडच्या बागाईतदाराचे नुकसान आहे, हे त्या बागाईतदाराला आजवर कोणी सांगितलेले नाही.

दुसरे उत्तर असे की, विद्यापीठ म्हणजे उद्योगांची सेवा करणारे दुकान नव्हे, आणि बाजाराच्या मागे धावताना मूलभूत विज्ञान मागे पडेल. ही भीती मला पूर्णपणे मान्य आहे. मृद सर्वेक्षण ब्यूरोने केलेले मातीचे नकाशे कोणी विकत घेत नाही, पण त्यांच्याशिवाय कोणत्या जमिनीत संत्रा टिकेल हे सांगता येत नाही. म्हणून पेटंटच्या संख्येवर विभागांचे मूल्यमापन करण्याच्या मी विरोधात आहे. माझी विनंती इतकीच आहे की, संशोधनाचा विषय निवडताना परदेशी नियतकालिकाच्या पसंतीइतकेच वजन आपल्या जिल्ह्यातल्या प्रश्नाला मिळावे. लिमोनिनवर काम करणारा संशोधक उत्तम दर्जाचे मूलभूत जैवरसायनच करत असतो.

म्हणून अधिसभेच्या येत्या बैठकीत पुढील गोष्टींचा विचार व्हावा, अशी माझी प्रार्थना आहे. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात नवोपक्रम आणि उद्यमशीलतेसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. त्या मंडळाच्या अखत्यारीत बाहेरच्या माणसासाठी एकच कार्यालय असावे, आणि तिथे बसणाऱ्या अधिकाऱ्याला नमुना स्वीकारण्याचा, पावती देण्याचा आणि विभागाला मुदत घालून देण्याचा अधिकार असावा. विद्यापीठातील उपकरणांची यादी, चालू-बंद स्थितीसह आणि दरपत्रकासह, संकेतस्थळावर मराठीत असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अमरावती मार्गावरच्या आणि शहरातल्या राष्ट्रीय संस्थांबरोबर दुहेरी मार्गदर्शकाची पीएच.डी. ही अपवादाची बाब न राहता नेहमीची पद्धत व्हावी. एक मार्गदर्शक विद्यापीठाचा, एक संस्थेचा आणि विषय चार जिल्ह्यांतला, अशा प्रबंधांसाठी विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून शिष्यवृत्ती द्यावी. संसदेने २०२३ साली अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले. अशा निधीसाठी एकट्या विभागाने अर्ज करण्यापेक्षा शहरातल्या संस्थांनी एकत्र केलेला अर्ज अधिक बळकट ठरेल. आणि शिक्षकांच्या पदोन्नतीच्या वेळी, एखाद्या गावाचा किंवा कारखान्याचा प्रश्न सोडवल्याचे काम शोधनिबंधाच्या तोडीचे मानले जाईल, अशी शिफारस अधिसभेने शासनाकडे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाकडे करावी. पदोन्नतीत ज्याची मोजणी होत नाही असे काम तरुण शिक्षक फार काळ करू शकत नाही, हे आपण सर्वजण जाणता.

यांतले सगळे एकदम होणार नाही. तेव्हा पहिल्या वर्षासाठी एकच विषय घ्यावा आणि तो संत्र्याचा असावा, असे मला वाटते, कारण त्यात माल, माणसे, संस्था आणि बाजार हे सगळे इथेच आहे. विद्यापीठाने लक्ष्मीनारायण विद्यापीठ, लिंबूवर्गीय फळ संस्था आणि उत्पादकांना मृग बहाराची तोडणी सुरू होण्याआधी एका बैठकीला बोलवावे. माझ्यासारखे रसप्रक्रिया करणारे या भागात आणखीही आहेत. आम्ही हंगामभर बागनिहाय रसाचे नमुने, तोडणीच्या तारखा आणि खुंटाची माहिती विनामूल्य देऊ. माझ्या कारखान्यातले रस काढण्याचे यंत्र आणि तापवण्याची टाकी विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी आठवड्यातून एक दिवस मोकळी ठेवण्याची माझी तयारी आहे, आणि तसे लेखी पत्र मी कुलसचिव कार्यालयात स्वतंत्रपणे सादर करत आहे.

आपला विनम्र,
विद्यापीठाचा एक माजी विद्यार्थी आणि फळप्रक्रिया उद्योजक,
काटोल मार्ग, नागपूर